चारमिनारला एक, कैचीला दोन

तू दहा वर्षांचा आहेस आणि तुझी नजर जमिनीवर आहे.

साल 1961. आश्विनातली पौर्णिमा उद्यावर आली आहे आणि तुळजापूरच्या उतारावरून माणसांचा लोंढा देवळाकडे सरकतो आहे. सोलापूरहून रात्रभर अनवाणी चालत आलेली माणसं, कर्नाटकातली, तेलंगणातली, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळभर कुंकू. कुठंतरी संबळ वाजतो आहे. सीमोल्लंघन झाल्यापासून देवी पलंगावर निजलेली आहे, पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर बसेल. आजीनं तुझं मनगट घट्ट धरलंय.

"खाली काय बघायलास रे? वर बघ की, कळस दिसलाय."

तू वर बघतोस, हात जोडतोस आणि पुन्हा खाली बघतोस. कारण एका पानाच्या दुकानाशेजारी, उसाच्या चोयट्यांत, एक पिवळा चौकोन पडलेला आहे. चारमिनारचं रिकामं पाकीट. तू ते पायाच्या बोटांनी ओढून घेतोस, झटकतोस, चड्डीच्या खिशात सारतोस. खिशात आधीच घोडा छाप आणि जहाज छाप काडेपेट्यांची चित्रं आहेत, ओली करून, सोलून, पाटीखाली दाबून सपाट केलेली.

या यात्रेची तू वर्षभर वाट बघतोस, आणि त्याचं कारण आजीला माहीत नाही. गावातल्या दुकानात ठरलेल्या चार-पाच छापांपलीकडे काही येत नाही. यात्रेला मात्र दूरदूरची माणसं येतात आणि आपापल्या गावच्या काडेपेट्या, आपापल्या गावची पाकिटं टाकून जातात. शिवकाशीच्या लहानलहान कारखान्यांतून निघालेले छाप तर मोजता येणार नाहीत इतके. मोर, हत्ती, कमळ, किल्ली, आगगाडी. एकच मोर तीन रंगांत सापडतो. तुला शिवकाशी कुठं आहे ते ठाऊक नाही, पण हिरव्या मोरापेक्षा निळा मोर कमी वेळा सापडतो हे पक्कं ठाऊक आहे.

भाव ठरलेले आहेत. ते कुणी ठरवले, कधी ठरवले, हे कुणी विचारत नाही. चारमिनारला एक. कैचीला दोन. उंच टोपीवाल्या साहेबाच्या पासिंग शोला पाच. आणि कुणाला कधी 555 सापडलंच तर त्याला पन्नास, आणि दोन दिवस त्या पोराला गल्लीत कुणी शिवी देत नाही. मातीत रिंगण काढायचं, प्रत्येकानं आपापली पाकिटं मध्ये लावायची आणि लांबून चपटा दगड मारायचा. रिंगणाबाहेर जेवढं उडालं तेवढं आपलं.

चारमिनार स्वस्त का, हेही तुला कळतं. ती हैदराबादच्या वजीर सुलतान कंपनीची, आणि तेरा वर्षांपूर्वीपर्यंत तुझा जिल्हा हैदराबाद संस्थानातच होता. 1948च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, 1956 साली जिल्हा मुंबई राज्यात आला, गेल्या वर्षी महाराष्ट्र झाला. राज्य तिसऱ्यांदा बदललं, तरी पानाच्या दुकानात चारमिनार तशीच राहिली. म्हणून ती सगळीकडे पडलेली असते, आणि जे सगळीकडे पडलेलं असतं त्याला एकच गुण मिळतो.

पण एक गोष्ट तू कुणाला सांगत नाहीस. तुझ्याकडच्या सगळ्या पाकिटांत तुला आवडतं ते चारमिनारच. 555 वर नुसते आकडे आहेत, पासिंग शोवरचा साहेब तू कधी पाहिलेला नाहीस. चारमिनार मात्र वडिलांनी पाहिलेला आहे. जमिनीच्या दाव्यासाठी ते हैदराबादला जायचे तेव्हा त्याच्याखालून चालत गेले होते. रात्री कंदिलाजवळ पाकीट धरून त्यांनी बोट ठेवून दाखवलं होतं: इथं जिना, इथं घड्याळ, इथून मी आत शिरलो. त्या दिवसापासून ते चित्र तुझं झालं. भाव एकच राहिला.

हे लक्षात असू दे. पुढं याची गरज पडणार आहे.

तू दगड नेम धरून मारत असताना समुद्रापलीकडची पोरंही असंच काहीतरी करत आहेत. तिकडं याची सुरुवात सिगारेटच्या पाकिटांतूनच झाली. पाकीट मऊ असायचं, आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालायचे, आणि मग कुणालातरी सुचलं की त्या तुकड्यावर चित्र छापावं. इंग्लंडात विल्स कंपनीनं 1896 साली क्रिकेटपटूंची 50 कार्डं काढली. अमेरिकेत 1909 ते 1911 या काळात बेसबॉलपटूंचा जो संच तंबाखूसोबत निघाला, त्यातलं होनस वॅग्नरचं कार्ड थोडंच छापून थांबवलं गेलं. आज ते संग्राहकांचं 555 आहे. पुढं तंबाखूची जागा च्युइंगमनं घेतली. टॉप्स कंपनीच्या साय बर्जरनं 1952च्या बेसबॉल संचाची मांडणी ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर केली. पुढं खेळाडूचा फोटो, त्याची सही, संघाचं चिन्ह. मागं त्याची आकडेवारी. आजही जगभरची खेळांची कार्डं याच मांडणीवर चालतात. त्या संचातला उशिरा छापलेला भाग खपला नाही. 1960 साली, म्हणजे इकडं महाराष्ट्र झाला त्याच वर्षी, बर्जरनं उरलेल्या कार्डांच्या पेट्या बोटीवर लादून अटलांटिक समुद्रात बुडवल्या. त्याच संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड 2022च्या ऑगस्टमध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला विकलं गेलं.

तुझ्या रिंगणातला नियम आणि तिकडच्या लिलावातला नियम एकच आहे: जे कमी ते महाग. कंदिलाजवळचा तुझा नियम वेगळा आहे.

आता साल 1988. मे महिना, उस्मानाबादच्या उन्हात पत्रा तापून कडकड वाजतो आहे. तू पुन्हा दहाचाच आहेस, पण या वेळी खिशात पाकिटं नाहीत, बिग फनची कार्डं आहेत. गुलाबी च्युइंगमचा तुकडा आणि सोबत एक क्रिकेटपटू. कार्डावर धावा नाहीतर विकेट. त्या जमवायच्या, म्हणजे बक्षीस. तू बेरीज शाळेत शिकलास असं गुरुजींना वाटतं. ती तू इथं शिकलास.

तुझ्याकडं चेतन शर्मा तीन आहेत, आणि दोन वर्षांपूर्वी कुणी फुकट दिला असता तरी तू तो घेतला नसतास. 1986च्या एप्रिलमध्ये शारजात त्याच्या शेवटच्या चेंडूवर जावेद मियाँदादनं षटकार मारला, त्यानंतर त्याच्यावर राग धरायला क्रिकेट कळावं लागत नव्हतं. मग 31 ऑक्टोबर 1987 आला. नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध त्यानं लागोपाठ तिघांचे त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅट्ट्रिक. त्याच सामन्यात गावसकरांनी त्यांचं एकदिवसीय क्रिकेटमधलं एकमेव शतक ठोकलं. शेजारच्या काकांच्या घरी, टीव्हीसमोर पंचवीस माणसं दाटीवाटीनं बसलेली असताना तू ते पाहिलंस. त्यानंतर चेतन शर्माचा भाव वर गेला. कागद तोच, फोटो तोच, कोपऱ्यातला आकडा तोच. आपण पाहिलेलं काहीतरी त्या चौकोनात जाऊन बसलं, एवढाच फरक.

मला विचारशील तर त्या साध्या कार्डांची रचना आजच्या पुष्कळ चकचकीत कार्डांपेक्षा चांगली होती. चेहरा, नाव, आकडा. नजर कुठं जावी हे स्पष्ट होतं, आणि बाकीची जागा बघणाऱ्यासाठी मोकळी ठेवलेली होती.

1995. उमरगा तालुका. नव्यानं वसवलेलं गाव, एका मापाची घरं, सरळ रस्ते, अजून सावली न धरलेली रोपं. तुझ्या मांडीवर बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे, एका कोपऱ्यात चेपलेला. आत डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांची ट्रम्प कार्डं. रँक, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स, फाइट्स. इंग्रजी वाचायला तू या कार्डांवर शिकलास.

डबा भूकंपाच्या ढिगाऱ्यातून निघाला. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवले होते आणि दमलेली माणसं दगडमातीच्या जाड भिंतींआड झोपली होती. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सुमारे 8 हजार माणसं गेली. तुझ्याबरोबर कार्डं खेळणारा तुझा मित्र गेला. डाव अर्धा राहिला होता आणि सात कार्डं त्याच्याकडं होती. आता उमरग्याच्या बाजारात नवा संच मिळतो. मामा म्हणतात, "घेऊन देतो की." तू नको म्हणतोस. तुझा संच सात कार्डांनी कमी आहे आणि तो तसाच राहील.

अमेरिकेतले जाणकार कार्डाला दहापैकी गुण देतात. कोपरे टोकदार आहेत का, चित्र मध्यावर आहे का, पृष्ठभागावर ओरखडा आहे का, हे भिंगातून बघून कार्ड प्लॅस्टिकमध्ये कायमचं बंद करतात. तुझ्या चेपलेल्या डब्यातल्या एकाही कार्डाला तिथं चांगले गुण मिळणार नाहीत.

गुण देण्यावरून आठवलं. चल, तेरला जाऊ. सात शतकं मागं.

तेरणेच्या काठावर गोरोबाकाकांचं अंगण आहे. चाक थांबलेलं, कच्ची मडकी उन्हात मांडलेली. अंगणात संत बसले आहेत: ज्ञानदेव, मुक्ताबाई, नामदेव. तू कोपऱ्यात माती तुडवणारं पोर आहेस. मुक्ताबाई विचारते, काका, यातलं कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं? गोरोबा थापटणं उचलतात आणि एकेकाच्या डोक्यावर थापटत जातात. सगळे गप्प बसतात, नामदेव तेवढे चिडतात. हे कच्चं, असा निकाल निघतो. ही कथा महाराष्ट्रातल्या घराघरांत ठाऊक आहे. मला तिच्यातलं थापटणं महत्त्वाचं वाटतं. कुंभार मडकं बघून ठरवत नाही, वाजवून ठरवतो. वरून चकाकणारं मडकंही बद्द वाजू शकतं.

आणखी मागं चल. दोन हजार वर्षं. गाव तेच, नाव तगर. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट, असं एका ग्रीक व्यापाऱ्यानं आपल्या वहीत लिहून ठेवलंय. इथलं कापड गाड्यांत भरून भडोचला जातं, तिथून गलबतांवर. तू सातवाहनांच्या राज्यातलं पोर आहेस, हाताला पांढरी माती लागलेली. समोरचा कारागीर दोन साच्यांमध्ये माती दाबतो, अर्धी पुढची बाजू, अर्धी मागची, दोन्ही जोडतो, आणि साच्यातून एक बाई बाहेर येते. कानात कुंडलं, डोक्यावर फुलांची रचना, ओठांवर किंचित हसू. एका साच्यातून अनेक निघतात, पण केसांवरची रेघ तो प्रत्येकीला निराळी ओढतो. तो हे का करतो, असं तू विचारत नाहीस. हातात दोन घेतल्या की कळतं.

मग तो तुझ्या तळहातावर एक लहानशी चकती ठेवतो. भाजलेल्या मातीची, वरच्या बाजूला दोरा ओवायला भोक. तिच्यावर एका माणसाचं मस्तक उठवलेलं आहे, नाक सरळ, केस आखूड. हा रोमचा बादशहा. खरं नाणं सोन्याचं नाहीतर चांदीचं, ते सार्थवाहाच्या पेटीत असतं. तुला मिळते ती त्याची मातीची नक्कल. तू ती गळ्यात घालतोस आणि गल्लीभर मिरवतोस. हा माणूस कोण, त्यानं काय केलं, तुला काही माहीत नाही. लांबचा आहे, मोठा आहे, एवढं पुरतं.

बघ, पासिंग शोचा साहेब किती जुना आहे ते.

त्या चकत्या, त्या पांढऱ्या मातीच्या बायका, मणी, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती, तेरच्या पांढरीत गाडल्या गेल्या. पाऊस पडला की टेकाडं धुऊन निघत आणि वस्तू वर येत. विसाव्या शतकात तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वेचल्या. पावसानंतर खाली मान घालून टेकाडावर फिरणारा माणूस लोकांना कसा दिसला असेल, ते तुला मी सांगायला नको. तू तुळजापूरच्या उतारावर तसाच फिरला आहेस. त्यांच्या संग्रहातून तेरचं वस्तुसंग्रहालय उभं राहिलं आणि आज ते त्यांच्या नावानं ओळखलं जातं. त्या हस्तिदंती स्त्रीसारखीच एक मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेत सापडली, म्हणून तेरचं नाव जगभरच्या पुस्तकांत गेलं.

आता आजच्या दिवसात ये. उस्मानाबादचं धाराशिव हे नाव 2023पासून सरकारदरबारीही आलेलं आहे. तुझ्या फोनवर अमेरिकेतली नवी कार्डं दिसतात. तिकडं आता नेहमीच्या संचाला फारसं कुणी विचारत नाही. पाकिटं फोडतात ती मध्येच दडवलेल्या खास कार्डासाठी. 1990 साली अप्पर डेक कंपनीनं रेजी जॅक्सन या खेळाडूच्या सहीची 2,500 कार्डं पाकिटांत पेरली, तेव्हा हे वेड वाढलं. 1993 साली टॉप्सनं पाण्यावरच्या तेलासारखं रंग बदलणारं कार्ड काढलं. मग सोनेरी वर्ख, आकारात कातरलेल्या कडा, खेळाडूच्या अंगावरच्या सदऱ्याचा चिकटवलेला तुकडा, आणि मागं आकडा, की ही एवढ्यातली एवढी.

यातली बहुतेक खास कार्डं थापटून बघितली तर बद्द वाजतात. वर्ख काढला की मागं नेहमीचाच फोटो असतो. पण पानिनी कंपनीची 'डाउनटाउन' नावाची एक मालिका आहे, तिच्यापुढं मी थांबतो. तिच्यात खेळाडूच्या मागं त्याचं शहर चितारलेलं असतं: तिथले पूल, तिथल्या इमारती, तिथल्या लोकांनाच कळतील अशा खुणा. त्या शहरातलं पोर ते कार्ड हातात घेतं आणि बोट ठेवून सांगतं, इथून मी रोज जातो. खास कार्ड ते हेच. कंदिलाजवळ तुझ्या वडिलांनी तुला हेच दाखवलं होतं.

आणि इथं मला बोचतं ते सांगतो. या जिल्ह्यातली पोरं दोन हजार वर्षं चित्रं जमवत आली. रोमचा बादशहा, टोपीवाला साहेब, शारजातला गोलंदाज, अमेरिकेतले पैलवान. त्यांत आपल्या गावचा चेहरा कुठं आहे?

चेहरे आहेत. खो-खोच्या मैदानात आहेत. सारिका काळे या उस्मानाबादच्या. 2016च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत गुवाहाटीला त्यांच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्णपदक घेतलं, 2020 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. 2025च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या महिलांनी आणि पुरुषांनी, दोघांनीही तो जिंकला. या खेळाडूंचं कार्ड मागायला दुकानात गेलास तर काय मिळेल?

तेव्हा पुन्हा एकदा दहा वर्षांचा हो. या वेळी साल पुढचं आहे, आणि तुझ्या हातात साडेतीन इंच रुंद, अडीच इंच उंच पुठ्ठा आहे. कार्ड आडवं आहे, कारण खो-खोपटू उभी नसते, सूर मारलेली असते. डाव्या कडेला खांब. एक हात खांबावर, दुसरा पुढं ताणलेला, बोटं समोरच्या पाठीपासून वीतभर दूर. शिवलं की नाही, हे कार्ड सांगत नाही. मागं नळदुर्गचा पाणीमहाल, पावसाळ्यातला, नर आणि मादी दोन्ही धबधबे कोसळताहेत. वर्ख कुठंच नाही. फक्त पाण्याला हात लावला तर किंचित उठाव लागतो. कार्ड उलटं कर. तिथं धावा नाहीत, विकेट नाहीत. संरक्षणाची वेळ मिनिटं-सेकंदांत आणि बाद केलेले गडी. खाली, जिथं पहिल्यांदा खो दिला त्या शाळेचं नाव.

पुढच्या कार्डामागं परंड्याचा किल्ला. त्याच्या बुरुजावर मुलूख-ए-मैदान तोफेची रिकामी जागा दाखवायची, कारण तोफ 1632 साली विजापूरला गेली. त्यानंतर तेरची ती पांढऱ्या मातीची बाई, मग धाराशिवची लेणी, मग तुळजापूरचा उतार, आणि त्या उतारावर, नीट बघितलं तरच सापडेल इतकं लहान, खाली बघणारं एक पोर.

याला मोठी कंपनी लागत नाही. धाराशिवात, उमरग्यात, कळंबला छापखाने आहेत, ते लग्नपत्रिका याहून अवघड छापतात. शाळांत चित्रकलेचे शिक्षक आहेत, आणि मैदानावर रोज संध्याकाळी खेळाडू आहेत. जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेनं, एखाद्या क्रीडा मंडळानं आपल्या बारा खेळाडूंचा पहिला संच काढावा. प्रत्येकीकडून तिची परवानगी घ्यावी, सही घ्यावी, संरक्षणाची वेळ गुणपत्रिकेवरून तपासून छापावी. आणि तो संच यात्रेत ठेवावा, पानाच्या दुकानाशेजारी, पोरांच्या हाताला येईल इतक्या खाली.

पहिला संच निघाला की एक माझ्यासाठी बाजूला ठेवा. भाव तुमच्या गल्लीत ठरेल तो देईन.